जुन्या दगडी गोठ्याची पैऱ्याने दुरुस्ती

कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेकडील तालुक्यांत आजोबा-पणजोबांच्या काळचे दगडी गोठे अद्याप पुष्कळ ठिकाणी उभे आहेत. कोठे काळ्या पाषाणाचा, कोठे जांभ्याच्या चिऱ्यांचा वापर केलेला, भिंत दीड ते दोन फूट जाड, मातीच्या गाऱ्यात बांधलेली, वर कौलांचे छप्पर आणि त्याखाली वैरणीचा माळा, अशी त्यांची सर्वसाधारण रचना असते. १९६३ साली जिल्हा दूध संघ स्थापन झाल्यानंतर या भागात म्हशींचा जोडधंदा वाढला व दावणीची जनावरे वाढली. परंतु गोठे तेच राहिले. आज यांपैकी अनेक गोठ्यांच्या भिंतींना पोट आले आहे, वासे वाळवीने पोखरले आहेत आणि पावसाळ्यात वैरण भिजते.

अशा वेळी मालकापुढे दोन मार्ग दिसतात. एक, भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवून व वर पत्रा टाकून काम भागविणे. दुसरा, सर्व पाडून नवे बांधणे. पहिल्या मार्गाने भिंतीतील दोष झाकला जातो, नाहीसा होत नाही. दुसऱ्या मार्गाने चांगला घडीव दगड व पक्के लाकूड मातीमोल होते आणि अंगावर कर्ज येते. तिसरा मार्ग असा की, भिंत कशामुळे बिघडली ते आधी शोधावे, तेवढेच दुरुस्त करावे आणि त्यासाठी लागणारी माणसे घरची, भावकीतील व शेजारची जमवावीत. पेरणीला व कापणीला जसा पैरा करतात, तसाच तो या कामी करता येतो.

आधी संमती, मग पहार

जुना गोठा बहुधा वडिलोपार्जित असतो व त्यावर तीन-चार भावांचा हिस्सा असतो. एकाने खर्च करावयाचा आणि दुसऱ्याने नंतर वाटणी मागावयाची, या भयाने कोणीच कौलाला हात लावीत नाही. कितीएक गोठे पावसाने नव्हे, तर या भयानेच पडले आहेत, असे म्हटले तर ते फारसे चूक होणार नाही. यास्तव काम काढण्यापूर्वी सर्व हिस्सेदारांना एकत्र बसवावे. जे नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईस आहेत त्यांना सुटीत बोलवावे. कोणी किती पैसा घातला, कोणी किती दिवस राबला व पुढे वाटणी झाल्यास त्याचा हिशेब कसा धरावयाचा, हे साध्या कागदावर लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्यात. गावठाणातील मिळकतीची मोजणी २०२० पासून स्वामित्व योजनेखाली होत आली आहे. आपल्या गावी मिळकत पत्रिका तयार असल्यास त्यावर कोणाची नावे आहेत ते पाहावे. शेजाऱ्याशी सामाईक असलेल्या भिंतीला त्याच्या अनुमतीवाचून हात लावू नये. गावपातळीवरील कार्यकर्त्याचा खरा उपयोग येथे होतो. चुन्याचे प्रमाण सांगणारा गवंडी मिळतो, पण भावांना एका घोंगडीवर बसविणारा तिऱ्हाईत क्वचितच मिळतो.

याच बैठकीत घरातील स्त्रियांचे म्हणणे प्रथम ऐकावे. शेण काढणे, धार काढणे, वैरण टाकणे ही कामे पुष्कळ घरी त्याच करतात. गव्हाण किती उंच हवी, शेणाची पाटी घेऊन बाहेर पडण्यास दार कोठे सोयीचे, हे त्यांच्याइतके कोणासही ठाऊक नसते.

भिंत तपासणे

ओळंबा घेऊन भिंत दर चार-पाच फुटांवर आतून व बाहेरून पाहावी आणि आकडे वहीत टिपावेत. दोन फूट जाडीची भिंत ओळंब्यातून चार इंचांहून अधिक, म्हणजे जाडीच्या सहाव्या हिश्शाहून जास्त कलली असेल, तर तेवढा भाग उतरवून पुन्हा बांधणेच इष्ट होय. त्याहून कमी असल्यास ती बहुधा जागच्या जागी सावरता येते. कोपऱ्यातील उभी चीर व दारावरील तिरपी चीर या विशेष ध्यानात घ्याव्यात. चिरेवर चुन्याची पातळ पट्टी आडवी मारून तारीख घालावी. महिन्याभरात पट्टी तडकली तर भिंत अजून हलत आहे असे समजावे.

भिंतीला पोट का येते, हे समजणे अगत्याचे आहे. दगडी भिंत वरून एक दिसली तरी ती वस्तुतः दोन भिंती असते. बाहेरील घडीव तोंडाची एक, आतील एक, आणि मध्ये माती व कपच्या यांची भर. या दोहोंना आरपार दगडांनी शिवलेले असेल तर ती एकजीव राहते. आरपार दगड नसतील आणि वरून पाणी शिरले, तर मधली माती फुगते, मग खाली बसते व दोन्ही तोंडे एकमेकांपासून फाकतात. कधी दोष छपराचा असतो. तुळई कुजली म्हणजे वासे भिंतीच्या माथ्याला बाहेर रेटू लागतात व भिंत वरच्या बाजूस कलते.

हा केवळ टिकाऊपणाचा प्रश्न नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेस आणि ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीस भूकंप झाला, तेव्हा मातीत बांधलेल्या दगडी भिंती कोसळून माणसे गाडली गेली. किल्लारीच्या परिसरात मृतांची संख्या हजारोंच्या घरात गेली. तेथील भिंती कमी जाडीच्या होत्या म्हणून पडल्या असे नाही. त्या जाडजूडच होत्या, पण त्यांत आरपार दगड अपुरे होते आणि माथ्यावर बांधून धरणारा पट्टा नव्हता. कोयनानगर कोल्हापूरपासून फार दूर नाही, हे विसरू नये.

पाण्याची वाट

दुरुस्तीचा प्रारंभ भिंतीपासून न करता जमिनीपासून करावा. वर्षानुवर्षे शेण-माती साचून गोठ्याभोवतालची जमीन जोत्याच्या वर चढलेली असते आणि वळचणीचे पाणी भिंतीच्या पायाशी मुरत राहते. ही भर प्रथम काढावी व जोते उघडे करावे. भिंतीपासून तीन-चार फुटांवर, पावसाळी पाणी उताराकडे नेणारी चर खणावी. जोत्याच्या पायाखालपर्यंत मात्र खोल खणू नये. भिंतीला लागून खोल चर काढल्याने पाया उघडा पडून भिंत खचते. वळचणीचे छप्पर भिंतीबाहेर निदान दोन फूट असावे. गगनबावड्याकडील पावसात तेवढेही अपुरे पडते व तेथे वाऱ्याच्या बाजूस जुन्या रीतीप्रमाणे झड बांधावीच लागते.

पाणी खालूनही चढते, आणि गोठ्यात त्याबरोबर मूत्रही असते. भिंतीच्या खालच्या दोन-तीन फुटांत जो पांढरा भुरा दिसतो, ज्यास लोणा म्हणतात, तो बव्हंशी याच मूत्रातील क्षारांचा असतो. ओल वाळताना क्षारांचे स्फटिक दगडाच्या व दरजांच्या छिद्रांत वाढतात आणि आतून पृष्ठभाग फोडतात. जांभ्यासारखा सच्छिद्र दगड तर बोटाने खरवडला जाईल इतका भुसभुशीत होतो. सिमेंटचा गिलावा घातल्याने लोणा थांबत नाही. ओल बाहेर पडण्याची वाट बंद झाल्यामुळे ती आणखी वर चढते, आणि दोन-तीन पावसाळ्यांत गिलावा ढलप्यांनी सुटतो. सुटताना दगडाचा पापुद्राही घेऊन जातो. चुन्याचे काम ओल बाहेर सोडते. क्षार चुन्यात येऊन बसले, चुना झिजला, तरी दर काही वर्षांनी तो बदलता येतो. दगड बदलता येत नाही. म्हणून दरजा चुन्याच्याच भराव्यात, आणि सिमेंट लागेल तेथे, म्हणजे माथ्याचा पट्टा, मूत्राची नाली व जमीन, एवढ्यापुरतेच वापरावे.

चुना

पन्हाळ्यावरील अंबरखान्याची गंगा, यमुना, सरस्वती ही दगडी धान्यकोठारे पाहिली म्हणजे आपल्या भागातील पाऊस दगड-चुन्याचे काम किती शतके सोसू शकते, याची कल्पना येते. तो काळ घाणीत चुना मळणाऱ्या बैलांचा होता. आज तसे मळणे अवघड असले तरी चुना नीट विरविणे अवघड नाही.

कळीचा चुना खड्ड्यातील पाण्यात थोडा थोडा सोडून विरवावा. चुन्यावर एकदम पाणी ओतू नये. तो उकळून उडतो व डोळ्यास कायमची इजा होऊ शकते. जवळ स्वच्छ पाण्याची घागर ठेवावी, डोळ्यांवर चष्मा व हातांत रबरी मोजे असावेत. मुले व वासरे त्या बाजूस फिरकू नयेत, म्हणून खड्ड्याभोवती कुंपण घालावे. विरलेला चुना चाळून, निदान पंधरा दिवस पाण्याखाली मुरू द्यावा. महिना मिळाल्यास अधिक चांगले. दरजांसाठी एक भाग चुन्याचा लगदा, एक भाग सुरखी व दोन भाग धुतलेली जाड वाळू हे प्रमाण पुरे पडते. सुरखी विकत आणण्याचे कारण नाही. छपरावरून उतरलेली फुटकी कुंभारी कौले कुटून व चाळून उत्तम सुरखी होते, कारण ती मंद आचेवर भाजलेली असतात. भट्टीत जळून काचेसारख्या झालेल्या खेंगर विटांची भुकटी मात्र निरुपयोगी होय. गूळ, हिरडा व बेलफळ यांचे पाणी चुन्यात घालण्याची प्रथा जुनी आहे. ते घालावयाचे असल्यास थोडेच घालावे व आधी एक हात भिंतीवर पाहून घ्यावे. गुळाने निकृष्ट चुना चांगला होत नाही.

चुना सावकाश धरतो. त्यावर सात-आठ दिवस ओली गोणपाटे राखावी लागतात, आणि पहिल्या मोठ्या पावसापूर्वी त्यास निदान महिनाभर मिळावा लागतो. मृग ७ जूनच्या सुमारास लागतो व वळीव त्याआधीच झोडपतो. सबब दरजांचे काम एप्रिल अखेरपर्यंत आटोपले पाहिजे. सर्व वेळापत्रक या एका गोष्टीवरून मागे मोजीत ठरवावे: फेब्रुवारीत चुना विरविणे व चर काढणे, उसाची तोड संपत आली व माणसे मोकळी झाली की मार्चमध्ये छप्पर उतरविणे व भिंती बांधणे, एप्रिलमध्ये कौले चढविणे व दरजा, मे महिन्यात जमीन. जनावरांसाठी तेवढ्या काळापुरता पाचटाचा मांडव घालावा.

पैरा

दुसरीकडे ज्यास सावड किंवा इर्जिक म्हणतात तोच हा व्यवहार. काही गावांत यांत बारीक भेद करतात. गोठ्याच्या कामात मात्र एक अडचण आहे. शेतातील पैऱ्यात सर्वांना एकच काम येते. येथे तसे नसते. वीस माणसे एके दिवशी आली आणि गवंडी एकच असला, तर अठराजण बिड्या ओढीत बसतात व दोघे घाईने भिंत बिघडवितात. म्हणून मोठा जमाव दोनच दिवशी बोलवावा. एक दिवस छप्पर उतरविण्याचा, दुसरा कौले चढविण्याचा. हातोहात कौले देण्यास ओळ लागते व त्या कामी शाळकरी पोरेही उपयोगी पडतात. ती मात्र जमिनीवर उभी असावीत, शिडीवर नव्हेत. मधल्या दिवसांत चार-पाच माणसेच बोलवावीत. दोघे दगड पुरविणारे, एक चुना कालविणारा, एक पाणी मारणारा आणि गवंडी. गवंडी व सुतार यांना रोख मजुरी द्यावी. त्यांची ती उपजीविका आहे, पैऱ्यात त्यांना धरू नये.

कोण कोणाकडे किती दिवस आला, याची वही ठेवावी. ही वही म्हणजे अविश्वास नव्हे. ज्याच्या घरी माणूसबळ कमी आहे त्याचा संकोच तिच्यामुळे जातो. विधवा स्त्रीच्या किंवा वृद्ध दांपत्याच्या गोठ्यावर ज्यांनी दिवस घातले, त्यांचे दिवस वैरणीने किंवा भाकरीनेही फिटू शकतात, हे आधी ठरलेले असावे. जेवणाचा थाट हौसेचा भाग आहे. पहिल्या दिवशी झुणका-भाकरी व शेवटी तांबडा-पांढरा रस्सा, असे पुष्कळ ठिकाणी चालते. रश्शाचा खर्च चुन्याहून अधिक होऊ नये एवढेच पाहावे.

वयस्क माणसे दगड उचलू शकत नाहीत, पण त्यांना बोलवावे. भिंतीत जुनी खिडकी कोठे बुजविली, पाणी पूर्वी कोणत्या वाटेने जाई, पेव कोठे होते, हे त्यांनाच ठाऊक असते. पेवावर उभारलेली शिडी खचल्यास केवढा अनर्थ होईल!

भिंत उतरविणे व बांधणे

कौले उतरविण्यापूर्वी वाकलेल्या भिंतीस बाहेरून लाकडी टेकू द्यावेत. दोन्ही पाख्यांवरील कौले एकाच वेळी, सारख्या वेगाने उतरवावीत. एका बाजूचा भार राहिला तर कमजोर आढे त्या बाजूस लोटले जाते. भिंत वरून थराथराने काढावी. मधोमध पहार घालून पाडू नये. घडीव दगडांवर चुन्याने आकडे घालून ते त्याच क्रमाने अंगणात मांडावेत. दगडांच्या फटींत नाग, घोणस, मण्यार व विंचू असतात. हात घालण्यापूर्वी काठीने ठोकावे, पायात बूट असावेत, आणि सर्पदंश झाल्यास क्षणाचाही विलंब न करता ज्या सरकारी दवाखान्यात प्रतिविष असते तेथे न्यावे. तो दवाखाना कोणता, याची चौकशी काम सुरू होण्याआधी करावी. भिंतीत पिंपळ किंवा वड रुजला असल्यास रोप हिसकून काढू नये. भिंत उतरवितानाच मूळ मोकळे करावे.

पुन्हा बांधताना दर दोन फूट उंचीला, आणि आडवे दर चार फुटांवर, भिंतीच्या पूर्ण जाडीचा आरपार दगड घालावा. एवढा लांब दगड न मिळाल्यास दोन दगड एकमेकांवर निम्मे चढवून बसवावेत, किंवा सळई घातलेला सिमेंट-काँक्रीटचा ठोकळा ओतून घ्यावा. जी भिंत उतरवावयाची नाही तीत अंतराअंतराने दगड सैल करून आरपार छिद्र पाडावे, आकडा केलेली सळई घालून काँक्रीट भरावे. किल्लारीनंतर मराठवाड्यातील घरे याच रीतीने बळकट करण्यात आली. छिद्रे एकाखाली एक न घेता आलटून-पालटून घ्यावीत व एका दिवशी शेजारशेजारची दोन उघडू नयेत.

भिंतीच्या माथ्यावर सर्व बाजूंनी अखंड फिरणारा, निदान तीन इंच जाडीचा व दोन सळयांचा काँक्रीटचा पट्टा घालावा. कोपऱ्यात सळया वळवून पुढे न्याव्यात, तेथेच तोडू नयेत. छपराच्या तुळया या पट्ट्यात बांधल्या म्हणजे समोरासमोरच्या भिंती एकमेकींना धरून राहतात. मातीत बांधलेली भिंत आडव्या भिंतीच्या आधारावाचून सोळा फुटांहून लांब असेल तर मध्ये धिरा बांधावा. छत्तीस फूट लांबीच्या गोठ्यास असे दोन धिरे लागतील. या बाबतीत व सळयांच्या जाडीबाबत अभियंत्याचा सल्ला घ्यावा.

दरजा आणि गोचीड

दरजा दीड इंच खोल खरवडून, ब्रशने साफ करून पाण्याने भिजवाव्यात. कोरड्या दगडावर लावलेला चुना जळतो. मोठ्या फटीत कपच्या ठोकून मग चुना दाबावा, तो दगडाच्या तोंडावर पसरू नये. काम कंटाळवाणे आहे खरे, पण याचा लाभ भिंतीपुरताच नाही. गोचिडांच्या काही जाती जनावरावरून उतरून भिंतीच्या फटींत शिरतात व तेथे अंडी घालतात. थायलेरिया व बबेसिया हे रोग गोचिडांमार्फतच पसरतात. उघड्या दरजांच्या गोठ्यात जनावरास कितीही औषध लावले तरी भिंतीतून नवी गोचिडे येत राहतात. निदान पुरुषभर उंचीपर्यंतच्या सर्व दरजा आतून भराव्यात आणि वर्षातून दोनदा चुन्याची सफेदी द्यावी.

आतील मांडणी

आतून छत्तीस फूट लांब व अठरा फूट रुंद अशा गोठ्यात एका ओळीत आठ म्हशी सुखाने बसतात. रुंदीची वाटणी अशी: वैरण टाकण्याची वाट चार फूट, गव्हाण अडीच फूट, उभे राहण्याची जागा साडेपाच फूट, नाली एक फूट, आणि मागील वाट सुमारे पाच फूट. प्रत्येक म्हशीस चार फूट रुंदी धरावी. जमिनीला नालीकडे चाळीस फुटांस एक फूट या प्रमाणात उतार पुरे. अधिक उतार दिल्यास गाभण जनावराच्या अंगावर ताण पडतो. काँक्रीट ओले असताना त्यावर रेघा पाडाव्यात. गुळगुळीत फरशीवर म्हैस घसरून कायमची लंगडी होते.

जुन्या गोठ्यात उजेड व वारा कमी असतो. त्यासाठी वळचणीखाली उंचावर झरोके पाडावेत आणि आढ्यावर वाफ जाण्यास फट ठेवून ती छोट्या छपराने झाकावी. खिडकी कोपऱ्यापासून दोन फुटांच्या आत पाडू नये. पत्र्याखाली उन्हाळ्यात म्हशी फार हैराण होतात. त्यांची कातडी काळी व घर्मग्रंथी थोड्या. शक्य तेथे कौलेच ठेवावीत. वैरणीचा पूर्ण भार नव्या माळ्यावर पहिल्या वर्षी घालू नये.

पुराच्या पट्ट्यातील गोठे

शिरोळ, करवीर व हातकणंगले तालुक्यांतील नदीकाठच्या गावांचा विचार वेगळा करावा लागेल. ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ या दोन्ही वेळी पंचगंगेचे पाणी राजाराम बंधाऱ्याजवळ ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून ५५ फुटांच्या वर गेले. मातीच्या गाऱ्यातील भिंत पुरात भिजून आतून पोकळ होते, आणि पुष्कळदा पाणी ओसरल्यावर, वाळू लागल्यावर पडते. यास्तव पूर उतरताच जनावरे आत बांधू नयेत. आठ-दहा दिवस रोज ओळंबा लावून पाहावे. पुराची खूण भिंतीवर रंगाने कायम करावी व तिच्याखालील सर्व बांधकाम चुन्यात करून घ्यावे. दाव्याच्या गाठी ओढताच सुटतील अशाच मारण्याची सवय घरातील सर्वांस, लहानांसही, लावावी. जेथे एकाच पिढीत दोनदा माथ्यापर्यंत पाणी आले, तेथे गोठा दुरुस्त करण्याऐवजी तोच घडीव दगड उंचावर नेऊन लहान गोठा बांधणे शहाणपणाचे आहे. पैरा तेथेही लागतोच.

पहिल्या पावसात, रात्रीच्या वेळी बॅटरी घेऊन सर्व गोठा आतून फिरून पाहावा व जेथे थेंब पडतो त्या जागी खडूने खूण करावी. उघडीप मिळताच तेथील कौल सरकवावे. ओळंब्याचे आकडे लिहिलेली वही दिवाळीनंतर पुन्हा काढून, त्याच जागी तीच मापे घ्यावीत. दरजा कोठे सुटल्या असतील तर त्यांस पुरेल एवढा मुरलेला चुना खड्ड्यात पाण्याखाली राखून ठेवावा. तो वर्षभर बिघडत नाही, आणि पैऱ्यातील पुढच्या घरच्या कामासही तोच चालतो.